‘गोपनीयता राखली जाईल’: एका संमतिपत्रातील शब्दाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका तालुक्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. खोकला, ताप, वजन घटणे अशा तक्रारी असूनही ही माणसे हंगामापूर्वी तपासणी का करून घेत नाहीत, आणि क्षयरोगाचे उपचार सुरू झाल्यावर ते फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, मध्येच का तुटतात, हे समजून घेण्यासाठी एका संशोधन संस्थेने तिथे मुलाखतींचा अभ्यास हाती घेतला. पुढील हकिगत त्या अभ्यासाच्या पथदर्शी टप्प्यातील आहे. माणसे, गाव आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मराठी कागदपत्रे भाषेच्या अंगाने तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे तक्रार आल्यानंतर सोपवण्यात आले.

अभ्यासात परदेशातील एक विद्यापीठ भागीदार असल्यामुळे सर्व कागदपत्रे आधी इंग्रजीत तयार झाली, त्यानंतर त्यांचे मराठी भाषांतर झाले आणि मग प्रचलित पद्धतीप्रमाणे दुसऱ्या व्यक्तीकडून मराठीचे पुन्हा इंग्रजी करून, म्हणजे बॅक ट्रान्सलेशन करून, ते मूळ मजकुराशी ताडून पाहण्यात आले. दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले आणि संस्थेच्या नैतिकता समितीने मंजुरी दिली. संमतिपत्रात ‘कॉन्फिडेन्शिॲलिटी’ या मथळ्याखाली जे वाक्य होते, त्याचा अर्थ असा की सहभागी व्यक्तीच्या माहितीबाबत कायदा मुभा देतो तेवढ्या मर्यादेपर्यंत कॉन्फिडेन्शिॲलिटी पाळली जाईल. मराठी संमतिपत्रात ते वाक्य ‘आपण दिलेल्या माहितीची कायद्यानुसार संपूर्ण गोपनीयता राखली जाईल’ असे उतरले होते.

प्रश्न कसा उभा राहिला

पथदर्शी टप्प्यात तिशीतील एका पुरुषाने मुलाखत दिली आणि बोलता बोलता दोन महिन्यांपासून खोकला असल्याचे सांगितले. आराखड्यात ठरल्याप्रमाणे मुलाखतकाराने त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवले. बेडक्याच्या तपासणीत क्षयरोगाचे निदान झाले आणि उपचार सुरू झाले. क्षयरोग हा मे २०१२ पासून देशभर नोंद बंधनकारक असलेला आजार आहे. मार्च २०१८ च्या राजपत्रित अधिसूचनेनंतर नोंद न करणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकावर आणि संस्थेवर दंडात्मक कारवाईही होऊ शकते. त्यामुळे रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत झाली, आणि घरातील इतरांची तपासणी करण्यासाठी आरोग्य कर्मचारी आणि आशाताई त्याच्या घरी आल्या.

वस्तीत ही भेट कोणाच्या नजरेतून सुटली नाही. दोन-तीन दिवसांत मुकादमाच्या, म्हणजे ऊसतोडीसाठी मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, कानावर बातमी गेली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि त्या कोयत्यावर हंगामापूर्वी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिली जाते. जोडीतला एक माणूस आजारी असेल तर मुकादमाच्या हिशेबात तो अर्धा कोयता होतो. मुकादमाने उचल परत मागितली. ती तोवर घरखर्चात आणि जुन्या देण्यात गेली होती. त्या माणसाची पत्नी संस्थेच्या तालुक्याच्या कार्यालयात आली आणि तिने विचारले, की कुणाला कळणार नाही असे तुम्ही लिहून दिले होते, मग मुकादमाला कळले कसे.

संस्थेने अंतर्गत चौकशी केली, तेव्हा माहिती अभ्यासाच्या चमूतून बाहेर गेली नव्हती हे स्पष्ट झाले. उत्तरपत्रिका कुलपात होत्या, नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक होते आणि मुलाखतकाराने कोणाशीही वाच्यता केली नव्हती. समन्वयकाचे पहिले मत असे पडले, की आपल्याकडून नियमभंग झालेला नाही, म्हणून बाईंना तसे समजावून सांगावे आणि प्रकरण मिटवावे. नैतिकता समितीतील सामान्य नागरिकांच्या प्रतिनिधीने यावर हरकत घेतली. नियमभंग झाला की नाही हा संस्थेचा प्रश्न आहे, त्या बाईंनी विचारलेला प्रश्न वचनभंगाचा आहे, आणि वचन मराठीत दिले होते, असे त्यांनी मांडले. या हरकतीमुळेच प्रकरण मजकुराच्या तपासणीपर्यंत पोहोचले.

शब्दाची तपासणी

पहिला दोष लगेच सापडला. ‘कायदा मुभा देतो तेवढ्या मर्यादेपर्यंत’ या शब्दांनी वचनाला कुंपण घातले होते. ‘कायद्यानुसार’ या शब्दाने ते कुंपण काढून टाकले आणि उलट कायदाच या वचनाची हमी देत आहे असा अर्थ तयार केला. त्यात ‘संपूर्ण’ हे विशेषण भाषांतरकाराने बहुधा वाक्याला वजन यावे म्हणून पदरचे घातले असावे. उलट भाषांतर करणाऱ्याने ‘कायद्यानुसार’चे पुन्हा कायद्याचा उल्लेख असलेले एक रूढ इंग्रजी वाक्य केले, आणि तपासणाऱ्याला ते मूळ वाक्याच्या पुरेसे जवळ वाटले.

दुसरा दोष अधिक खोल होता आणि तो दुरुस्त करणे कठीण होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत प्रायव्हसी आणि कॉन्फिडेन्शिॲलिटी यांत स्पष्ट भेद केला आहे. आपल्याविषयीची कोणती माहिती कोणी गोळा करावी आणि ती कोणाला द्यावी हे ठरवण्याचा व्यक्तीचा हक्क म्हणजे प्रायव्हसी, तर विश्वासाने सोपवलेली माहिती जपण्याचे संशोधकावरील बंधन म्हणजे कॉन्फिडेन्शिॲलिटी. या दुसऱ्या संकल्पनेत नेहमी दोन पक्ष असतात, एक सांगणारा आणि दुसरा ते पोटात ठेवणारा. शिवाय त्या बंधनाला मर्यादा असतात, कारण न्यायालयाचा आदेश, कायद्याने सक्तीची केलेली नोंद किंवा कोणाच्या जिवाला असलेला धोका यांपुढे ते सैल होऊ शकते.

मराठीतील ‘गोपनीयता’ हा शब्द या दोन्ही संकल्पनांसाठी वापरला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांत ‘खासगीपणाचा अधिकार’ आणि ‘गोपनीयतेचा अधिकार’ अशी दोन्ही रूपे छापून आली. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, सरकारी कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिला जातो, पोलीस ठाण्यात गोपनीय शाखेचे काम चालते. या सर्व ठिकाणी लपवण्याचा हक्क शासनाकडे आहे आणि सामान्य माणूस दाराबाहेर उभा आहे. ज्या माणसाने हा शब्द फक्त अशाच संदर्भांत ऐकला आहे, त्याला तोच शब्द आता आपल्या बाजूने उभा आहे हे कसे उमगावे?

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘गोपनीयता राखली जाईल’ या कर्मणी रचनेत राखणारा कोण हे सांगितलेलेच नाही. वचन देणारा वाक्यातून अदृश्य झाला की गोपनीयता हा त्या माहितीचाच गुणधर्म होऊन बसतो, आणि मग ती कुठूनही फुटली तरी वचन मोडले असे ऐकणाऱ्याने समजणे रास्त ठरते. त्या बाईंनी ‘तुम्ही का सांगितलेत’ असे विचारले नव्हते. ‘कळले कसे’ असे विचारले होते, आणि संमतिपत्राच्या मजकुराला धरूनच तो प्रश्न होता.

उलट भाषांतरात हा दोष का सापडला नाही, हेही इथे नोंदवणे आवश्यक आहे. शब्दकोशात कॉन्फिडेन्शिॲलिटीसमोर गोपनीयता आहे आणि गोपनीयतेसमोर कॉन्फिडेन्शिॲलिटी आहे, म्हणून जाताना आणि येताना शब्द अचूक जुळतो. मधल्या मुक्कामावर वाचणाऱ्याला काय समजले, ही गोष्ट या पद्धतीत कोणी तपासतच नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता. ‘संपूर्ण’ काढावे, कायद्याचा उल्लेख दुरुस्त करावा आणि ‘गोपनीयता’ तशीच ठेवावी. भागीदार विद्यापीठाला हाच पर्याय पसंत होता, कारण लहान दुरुस्तीला समितीची मंजुरी लवकर मिळते. पण ‘कायद्याने परवानगी दिलेल्या मर्यादेपर्यंत गोपनीयता राखली जाईल’ हे वाक्य अचूक असूनही ऐकणाऱ्याला निरुपयोगी आहे. कायदा नेमकी कुठवर मुभा देतो हे त्याने कोणाकडून जाणून घ्यायचे?

‘गुप्तता’ हा पर्याय एका मुलाखतकार महिलेने चर्चेतच निकालात काढला. आरोग्याच्या कागदावर ‘गुप्त’ हे अक्षर दिसले की लोकांना भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती आठवतात, आणि आधीच लपवाछपवी असलेल्या आजारावर आणखी एक संशय बसतो, असे तिचे म्हणणे होते. ‘कॉन्फिडेन्शियल’ हा इंग्रजी शब्द तसाच देवनागरीत ठेवावा असेही सुचवले गेले. चमूतील तरुण मंडळी आपापसात तो वापरत होती, पण वस्तीतल्या लोकांना तो कचेरीतला शब्द वाटत होता.

अधिक वेळ गेला तो ‘विश्वास’ या शब्दाभोवतीच्या पर्यायावर. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ विश्वास ठेवणे असाच आहे, आणि मराठीत ‘विश्वासात घेऊन सांगणे’ हा प्रयोग रुळलेला आहे. त्यामुळे ‘तुम्ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट आम्ही आमच्यापाशीच ठेवू’ हे वाक्य बहुतेकांना आवडले. समितीतील विधिज्ञ सदस्यांनी मात्र त्यातला धोका दाखवला. हे वाक्य जिव्हाळ्याचे आहे, म्हणूनच ते ऐकणारा पुढचे अपवाद ऐकून घेणार नाही. शिवाय संशोधकाने विश्वास मागणे आणि संशोधकाने जबाबदारी स्वीकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हा आक्षेप मला पटला. जिव्हाळ्याच्या भाषेत लिहिलेले संमतिपत्र कोरड्या संमतिपत्राहून अधिक फसवे ठरू शकते.

शेवटचा पर्याय असा होता, की नामाला नाम शोधण्याचा हट्ट सोडावा आणि त्या नामात जी कृत्ये दडलेली आहेत ती क्रियापदांत, कर्त्यासह लिहावीत. कोण पाहील, कोणाला सांगणार नाही, कोणाला सांगावेच लागेल, आणि त्यानंतर गावात काय दिसू शकेल, अशा क्रमाने.

निर्णय आणि कृती

शेवटचा पर्याय स्वीकारण्यात आला, पण त्यातही दोन जागी बराच खल झाला. पहिली जागा मुकादमाची. संमतिपत्रात मुकादमाचा उल्लेख करावा का? कागदावर हा शब्द दिसला तर अभ्यास मुकादमांविरुद्ध आहे असा समज पसरेल, अशी भीती समन्वयकाला वाटत होती. दुसरीकडे, पथदर्शी टप्प्यातल्या लोकांशी पुन्हा बोलल्यावर बहुतेकांची खरी चिंता त्याच एका माणसाभोवती फिरत असल्याचे दिसले. सरपंच, शेजारी आणि सोयरे त्यानंतर येत होते. अखेरीस मुकादमाचा उल्लेख ठेवला, पण इतरांच्या सोबत, यादीतला एक म्हणून.

दुसरी जागा एका क्रियापदाची. पहिल्या मसुद्यात ‘मुकादमाला कळणार नाही’ असे होते. विधिज्ञांनी विचारले, की हे वचन पाळणे संस्थेच्या हातात आहे का. ते नव्हते. म्हणून ‘कळणार नाही’च्या जागी ‘आम्ही सांगणार नाही’ आले. मराठीत कळणे हे आपोआप घडते आणि सांगणे ही कोणीतरी केलेली कृती असते. मूळ इंग्रजी संकल्पनेतले बंधन कृतीपुरते असल्यामुळे ‘सांगणे’ हेच क्रियापद तिला अचूक बसते. मंजूर झालेला मजकूर असा होता:

‘तुम्ही सांगितलेली माहिती आमच्या चमूतील लोक आणि आमचे काम तपासणारी समिती पाहू शकेल. मुकादम, सरपंच, शेजारी, नातेवाईक किंवा कारखान्याचे लोक यांनी विचारले तरी आम्ही ती त्यांना सांगणार नाही. तपासणीत क्षयरोग आढळला, तर दवाखान्याला त्याची नोंद सरकारकडे करावीच लागते. ती थांबवणे आमच्या हातात नाही. नोंद झाल्यावर आरोग्य कर्मचारी घरच्यांच्या तपासणीसाठी तुमच्याशी संपर्क करतील. ही भेट घरी व्हावी की दवाखान्यात, हे तुम्ही त्यांना आधी सांगू शकता. त्यासाठी आम्ही मदत करू.’

शेवटची दोन वाक्ये भाषांतरातून आलेली नाहीत. ती लिहिण्यापूर्वी संस्थेने तालुक्यातील क्षयरोग पर्यवेक्षकांशी बोलून तशी सोय करून घेतली. नोंद करणे सक्तीचे आहे, पण भरवस्तीत जाऊनच चौकशी करावी असे कायदा म्हणत नाही, एवढी एक गोष्ट लक्षात आल्यावर पुष्कळ मार्ग मोकळा झाला. केवळ मजकूर सुधारून हे साधले नसते. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा व्यक्तीच्या संमतीशिवाय माहिती उघड करण्यास मनाई करतो, क्षयरोगाच्या बाबतीत मात्र नोंद सक्तीची आहे, हा फरकही मुलाखतकारांच्या प्रशिक्षणात घेण्यात आला, कारण ते दोन्ही आजारांबद्दल लोकांना एकच उत्तर देत होते.

संमतिपत्र वाचून दाखवल्यावर ‘समजले का’ असे विचारणे बंद करण्यात आले. त्याऐवजी दोन प्रश्न ठरवले गेले. मुकादमाने आम्हाला तुमच्याबद्दल विचारले तर आम्ही काय करू? आणि दवाखान्यात आजार निघाला तर कोणाकोणाला माहीत होईल? उत्तर चुकले तर तो भाग पुन्हा वाचायचा. तपासणीच्या ओघात आणखी एक पळवाट सापडली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या संमतीच्या वेळी निःपक्षपाती साक्षर साक्षीदार लागतो, आणि पथदर्शी टप्प्यात हा साक्षीदार बहुधा शेजारचाच एखादा शिकलेला मुलगा असे, जो अंगठा झाल्यावरही तिथेच बसून राही. पुढे साक्षीदार दुसऱ्या गावचा घ्यावा आणि संमती झाल्यावर त्याने उठावे, असा नियम केला.

भागीदार विद्यापीठाकडून अपेक्षित आक्षेप आला, की उलट भाषांतरात कॉन्फिडेन्शिॲलिटी हा शब्द कुठेच दिसत नाही. त्यावर ‘माहितीची गोपनीयता’ हा मथळा वर ठेवण्याची तडजोड झाली. मथळा लेखापरीक्षकासाठी आणि खालची वाक्ये सहभागी माणसासाठी, अशी ही वाटणी आहे. मला ती फारशी आवडली नाही, पण तिच्यामुळे मंजुरीचा मार्ग मोकळा झाला.

परिणाम

नव्या संमतिपत्रावर मुख्य अभ्यास सुरू झाला तेव्हा नकार वाढले. सरकारी नोंदीचे वाक्य ऐकल्यावर काहीजण उठून गेले. ‘हंगामावरून आल्यावर बघू’ असे म्हणणारेही होते, आणि हे उत्तर समितीला अस्वस्थ करणारे होते, कारण उपचाराविना फडावर गेलेला क्षयरोगी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या लहानशा झोपडीत, बायको-मुलांसह दाटीवाटीने राहतो. प्रामाणिक मजकुरामुळे एखाद्याचे निदान लांबत असेल तर तो मजकूर योग्य म्हणावा का, यावर सदस्यांत एकमत झाले नाही. मजकूर सौम्य करण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला, आणि संमती देवो न देवो, प्रत्येकाला तपासणीची माहिती देणारी चिठ्ठी द्यायची असे ठरले. निक्षयवरील नोंद एका आरोग्य केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येते आणि औषधे कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रातही मोफत मिळतात, हे त्या चिठ्ठीत ठळकपणे लिहिले. मुलाखतकारांच्या अनुभवानुसार, गोपनीयतेच्या कोणत्याही वाक्यापेक्षा या माहितीमुळे अधिक लोक तपासणीला तयार झाले.

ज्यांनी संमती दिली त्यांच्याकडून नंतर ‘तुम्ही सांगितले’ अशी तक्रार आली नाही. एका कुटुंबाच्या बाबतीत मुकादमाला आजार कळला, पण कागदात काय लिहिले होते हे त्यांना आठवत होते आणि त्यांनी संस्थेला दोष दिला नाही.

मूळ प्रकरणातील माणूस त्या हंगामात गेला नाही. त्याने सहा महिन्यांचे उपचार गावातच पूर्ण केले. पत्नी आपल्या भावाच्या टोळीत गेली आणि उचलीचा उरलेला भाग पुढच्या हंगामावर ढकलला गेला. उपचारकाळात मिळणारी सरकारी पोषण मदत त्या वेळी दरमहा ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली आहे. उचलीच्या रकमेपुढे तिचा आधार किरकोळच होता. संस्थेने पत्नीची लेखी माफी मागावी का, यावर समितीत दोन मते होती. शेवटी मराठी मजकूर दिशाभूल करणारा होता हे मान्य करणारे पत्र तिला वाचून दाखवण्यात आले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी क्रम बदलायला हवा होता. इंग्रजी मसुदा, भाषांतर, उलट भाषांतर आणि मंजुरी या साखळीत सहभागी होणाऱ्या माणसाची गाठ सर्वांत शेवटी, अंगठा देतानाच पडते. मसुदा लिहिण्यापूर्वी वस्तीतल्या पाच-सहा जणांना ‘ही गोष्ट कोणाच्या कानावर जाऊ नये असे वाटते’ एवढे विचारले असते, तरी मुकादमाचे नाव पहिल्या दिवशीच आले असते.

हंगामापूर्वीचा, उचल वाटपाचा काळ मुलाखतींसाठी निवडणे हा निर्णयही पुन्हा तपासण्याजोगा आहे. माणसे गावात सापडतात म्हणून तो सोयीचा होता, पण आजार उघड होण्याची किंमत याच काळात सर्वांत जास्त असते. मे-जूनमध्ये, माणसे परत आल्यावर आणि नवी उचल घेण्यापूर्वी, मुलाखती घेतल्या असत्या तर उपचाराचा मोठा भाग पुढच्या हंगामाआधी गावातच पार पडला असता.

भाषांतरकाराला केवळ मजकूर देऊन भागत नाही, त्या मजकुरामागची कार्यपद्धतीही द्यावी लागते. या भाषांतरकाराला निक्षयवरील नोंदीची कल्पनाच नव्हती, त्यामुळे कायद्याचा उल्लेख मर्यादा सांगण्यासाठी आहे की हमी देण्यासाठी, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमतीसाठी दिलेली सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही उपलब्ध करून द्यावी लागते. तेव्हा असे मराठी मजकूर आता बँका, रुग्णालये आणि ॲप यांच्याकडूनही मोठ्या संख्येने तयार होतील, आणि त्यांतील बहुतेकांत ‘गोपनीयता’ हाच शब्द कर्त्याविना येईल असे दिसते.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. हंगामात पाठपुरावा फोनवर करायचा असतो, आणि फडावर अनेकदा टोळीतल्या दुसऱ्याच कोणाचा, कधी खुद्द मुकादमाचा, फोन वापरला जातो. ‘कोण बोलतंय आणि कशासाठी’ असे पलीकडून विचारले गेले तर मुलाखतकाराने खोटे न बोलता काय सांगावे, याचे तीन मसुदे समितीपुढे गेले आहेत. त्यांपैकी दोन परत आले आणि तिसऱ्यावर विधिज्ञांचे मत यायचे आहे.